गाडीच्या स्टिरिओतली शिट्टी दर पावसाळ्यात परत का येते

गाडी सुरू केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढते, पाय काढला की खाली उतरते. गाणं जोरात असेल तर झाकली जाते, पण शेजारी बसलेलं कुणी बोलायला लागलं आणि आवाज कमी केला की कुंऽऽई आहेच. माझ्या गाडीत हा त्रास सलग तीन पावसाळे आला. पहिल्या दोन वेळा दुकानात पैसे देऊन मी तो घालवला, निदान मला तसं वाटलं. तिसऱ्या वेळी मल्टीमीटर (पुढे नुसता मीटर) घेऊन स्वतः डिकीत शिरलो.

गाडी साधी, १२ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. मुक्काम रत्नागिरी, म्हणजे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. कंपनीचा स्टिरिओ काढून बाहेरचा बसवलेला. डिकीत चार चॅनेलचा अँप (ॲम्प्लिफायर), त्यातले दोन चॅनेल पुढच्या दारांना आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, दहा इंची वूफरला. अशी जोडणी असलेल्या बहुतेकांना ही शिट्टी कधी ना कधी भेटते.

आधी कान लावा

आवाज कसला आहे यावरून अर्धं काम होतं. इंजिनासोबत चढउतार करणारी अखंड शिट्टी असेल तर ती आल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची. इंजिनासोबतच वेग घेणारी पण तुटक टिकटिक असेल तर स्पार्कची. प्लगची कॅप, जुनी प्लगवायर किंवा रेझिस्टर नसलेला प्लग तपासा (रेझिस्टरवाल्या प्लगच्या नंबरात बहुधा 'आर' हे अक्षर असतं). इंजिन बंद असतानाही सारखी शूऽऽ येत असेल तर बहुतेक वेळा अँपचा गेन (आत आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा खटका) वाजवीपेक्षा जास्त फिरवलेला असतो. फोन ऑक्सला (स्टिरिओच्या हेडफोनसारख्या सॉकेटला) जोडून त्याच गाडीच्या चार्जरवर लावला की भुणभुण येते आणि चार्जर काढताच थांबते, तर दोष त्या दोन वायरींच्या जोडीचा आहे, तिथे अँप उघडत बसू नका. आणि फक्त एफएमवरच चरचर असेल तर ती हवेतून ॲंटेनात शिरते आहे. तो वेगळा विषय, त्याबद्दल शेवटी.

शिट्टीबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण ती कशी तयार होते हे कळलं की दुकानदार काय विकतोय हेही कळतं. आल्टरनेटर मुळात एसी करंट तयार करतो. त्यातले सहा डायोड त्याचा डीसी करतात, पण तो डीसी सपाट नसतो, वरती बारीक लाटा शिल्लक राहतात. १२ पोलच्या नेहमीच्या आल्टरनेटरमध्ये रोटरच्या एका फेरीत अशा ३६ लाटा येतात. पुलीमुळे आल्टरनेटर इंजिनाच्या साधारण अडीचपट फिरतो असं धरू. इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर आल्टरनेटर २०००, सेकंदाला ३३ फेऱ्या, म्हणजे १२०० हर्ट्झ. इंजिन ३००० वर नेलं की ४५०० हर्ट्झ. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो याच पट्ट्यात, म्हणून सुईएवढी शिट्टीसुद्धा टोचते. वूफरमध्ये ती ऐकू येत नाही, कारण वूफरला एवढा वरचा आवाज जातच नाही. 'वूफर चांगला आहे, दारातले स्पीकर खराब झालेत' असा निष्कर्ष काढून मी एकदा नवे स्पीकर घ्यायला निघालो होतो.

या लाटा प्रत्येक गाडीत असतात, शोरूममधून कालच काढलेल्या गाडीतही. त्या गाण्यात कुठल्या दाराने शिरल्या, एवढंच शोधायचं.

पहिले दोन उपाय आणि ते का फसले

पहिल्या वर्षी एका दुकानात गेलो. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि स्टिरिओपासून अँपपर्यंत गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए वायरच्या मधे एक छोटी डबी लावून दिली. ग्राउंड लूप आयसोलेटर. शिट्टी जागच्या जागी गप्प झाली, मी खूश. आठवड्याभरात लक्षात आलं की ढोल-ताशा पूर्वीसारखा छातीत बसत नाही. त्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातल्या डबीतला लोखंडी गाभा इतका लहान असतो की खालचे सूर त्यातून नीट पार होत नाहीत. दिवाळीत वैतागून ती काढून टाकली. शिट्टी होती, पण हलकी, तिच्यासोबत दिवस काढले. जून उजाडला आणि ती पुन्हा जोरात.

दुसऱ्या वर्षी दुसरं दुकान. त्याने स्टिरिओच्या पिवळ्या (बॅटरीकडून येणाऱ्या) वायरवर फिल्टर बसवला, आणि बसवता बसवता डिकीतला अँपच्या अर्थचा, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीत परत नेणाऱ्या वायरचा नट आवळला. शिट्टी गेली. पैसे मी फिल्टरचे दिले. आज विचाराल तर सांगेन की काम त्या आवळण्याने केलं.

फिल्टर आणि आयसोलेटर दोन्ही वस्तू वाईट नाहीत. फोनच्या ऑक्सवरची भुणभुण घालवायला आयसोलेटर उत्तम आहे आणि स्टिरिओच्या सप्लायमधूनच आवाज येत असेल तर फिल्टर खरंच चालतो. पण निदान न करता लावलेली डबी म्हणजे ताप कशाने आलाय हे न बघता दिलेली गोळी.

दहा-वीस रुपयांची पिन

तिसऱ्या वर्षी शिट्टी आली ती आधीपेक्षा दुप्पट. तेव्हा मी पहिलं काम केलं ते दोन शॉर्टिंग पिना बनवण्याचं. बाजारात मिळणारी साधी आरसीए पिन घ्यायची आणि तिची मधली काडी बाहेरच्या कड्याला डाखायची. बस. हिच्याइतकं उपयोगी हत्यार या कामात दुसरं नाही.

सगळं बंद करा, किल्लीसुद्धा. अँपमधल्या आरसीए वायरी काढा आणि त्यांच्या जागी या पिना खोचा. मग गाडी सुरू करा. आता अँपला सिग्नल म्हणून शुद्ध शून्य मिळतंय. तरीही शिट्टी आली तर दोष अँपच्या बाजूला: त्याची पॉवर वायर, त्याची अर्थ, स्पीकरची वायर किंवा खुद्द अँप. शिट्टी गेली तर ती आरसीएवाटे येते आहे. दोन गोष्टी विसरू नका. पिना अँपच्या इनपुटलाच लावायच्या, स्टिरिओच्या आउटपुटला कधीच नाही. आणि अँप चालू असताना आरसीए ओढायची किंवा खोचायची नाही. का, ते पुढे येईल.

माझ्याकडे पिना लावल्यावर पूर्ण शांतता. म्हणजे अँप निर्दोष. मग फोन घेतला, चार्जरला न जोडलेला, आणि ऑक्स-टू-आरसीए वायरने थेट अँपला लावला. स्वच्छ गाणं, इंजिन चढवलं तरी काही नाही. मग जुनी आरसीए वायर सोडून दुसरी सीटांवरून, दाराच्या बाजूने न नेता, उघडीच मागे नेली. शिट्टी परत. म्हणजे वायर कुठून जाते याचाही प्रश्न नव्हता. राहिला स्टिरिओ.

इथे एक गोष्ट बरेच जण चुकतात, मीही चुकलो असतो. फोनवर शांतता मिळाली म्हणून अँपची अर्थ चांगली आहे असं ठरत नाही. बॅटरीवर चालणारा फोन गाडीच्या बॉडीला कुठेच टेकलेला नसतो, त्यामुळे करंटला फिरायला वाटच नसते. स्टिरिओ मात्र डॅशबोर्डमागे बॉडीला जोडलेला आणि अँप डिकीत बॉडीला जोडलेला. दोन्ही ठिकाणच्या अर्थमध्ये जरा जरी व्होल्टेजचा फरक असेल तर त्यामुळे करंट आरसीएच्या जाळीवरून (वायरच्या बाहेरच्या तारांच्या वेष्टनावरून) वाहतो आणि अँप त्याला गाणं समजून वाढवतो.

स्टिरिओच्या पाठीवरचं कडं

स्टिरिओ खेचून बाहेर काढला, बॅटरीची निगेटिव्ह सोडली, आरसीए स्टिरिओपासून वेगळ्या केल्या (जोडलेल्या ठेवल्या तर मीटर अँपवाटे फिरून खोटं सांगतो) आणि मीटर कंटिन्युइटीवर ठेवला (दोन टोकं आतून जोडलेली असतील तर तो वाजतो). एक टोक स्टिरिओच्या पत्र्यावर, दुसरं आरसीएच्या बाहेरच्या कड्यावर. चांगल्या स्टिरिओत बहुधा मीटर वाजतो. माझा वाजला नाही. चारही सॉकेटवर मुका.

बऱ्याच स्टिरिओंमध्ये या कड्याच्या वाटेवर एक अगदी बारीक फ्यूज किंवा केसाएवढी तांब्याची रेघ असते. तिच्यावरून जास्त करंट गेला की ती जळते. मग आरसीएची जाळी स्टिरिओच्या बाजूने अधांतरी राहते आणि शिट्टीला मोकळं रान मिळतं. चालू अँपवर आरसीए खुडबुडल्यानेही ती जळू शकते, म्हणून वरची सूचना.

खात्री करायची सोपी रीत: सगळं परत जोडून गाडी सुरू करायची आणि एका वायरचा तुकडा कड्याला आणि स्टिरिओच्या पत्र्याला टेकवून बघायचा. टेकवला आणि शिट्टी अशी थांबली की मी क्षणभर गाडी बंद पडली असं समजलो.

इथेच थांबून तो तुकडा डाखून टाकावा असा मोह होतो. मी थांबलो नाही याचं श्रेय माझ्या भाच्याला. तो नुकता डिप्लोमाला लागलाय. तो म्हणाला, "मामा, फ्यूज जळला म्हणजे तिथून करंट गेला. तो करंट तिथून का गेला?"

अर्थ मोजायची, बघायची नाही

अँपची अर्थ डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात एका नटाला होती. वरून बघाल तर घट्ट, चकचकीत रिंग टर्मिनल. मीटर ओहमवर लावून अर्थ तपासायला जाल तर फसाल, कारण मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. त्यापेक्षा व्होल्टेज मोजा. गाडी चालू, गाणं दणक्यात, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक अँपच्या अर्थच्या स्क्रूवर, दुसरं लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. माझ्याकडे वूफरच्या प्रत्येक ठोक्याला ०.८ पर्यंत उडी.

नट उघडला. रिंगखाली पत्र्यावरचा मूळ रंग तसाच होता, फक्त नटाच्या आट्यांवरून संपर्क. आणि त्या आट्या तांबड्या गंजाने भरलेल्या. म्हणजे अँपला लागणारा वीस-पंचवीस अँपिअरचा करंट परत जायला नीट वाट नव्हती. पाण्याला उतार मिळाला नाही की ते जिथून फट मिळेल तिथून घुसतं, तसा त्यातला काही भाग आरसीएच्या जाळीवरून पुढे डॅशबोर्डपर्यंत गेला आणि स्टिरिओतली ती रेघ जाळून बसला. मी आधी तुकडा डाखला असता तर पुढच्या वेळी आरसीएची वायरच तापली असती. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी अर्थ, मग स्टिरिओ. स्टिरिओ वॉरंटीत असेल तर स्वतः डाखकाम न करता तो सर्व्हिसला द्या.

नवी अर्थ देताना जागा बदलली. मागच्या शॉकअबच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) डोक्याजवळचा जाड पत्रा निवडला, खड्ड्यापेक्षा बराच उंच. तिथे आधीच एक भोक होतं, त्यामुळे ड्रिल लागलं नाही. ड्रिल करणार असाल तर आधी गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप मागच्याच भागात असतात. पॉलिश पेपरने रंग घासून पत्रा चांदीसारखा उघडा केला, दातेरी वॉशर, रिंग टर्मिनल, ८ एमएमचा बोल्ट. वायर पॉझिटिव्हच्याच जाडीची, एक फूटभर. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन, आणि त्यावर रंगाचा हात. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नका. सोयीचा दिसतो खरा, पण अपघातात तुमचा जीव त्याच्यावर टांगलेला असतो, तिथे वॉशर-टर्मिनलची गर्दी नको.

पुन्हा मोजलं: ०.०६.

वायर घेताना एक तपासणी कराच. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त 'ॲम्प्लिफायर किट'मधली जाड वायर बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती अस्सल तांब्याच्या जवळपास दोन तृतीयांशच करंट वाहते, आणि दमट हवेत टर्मिनलपाशी तिची पूड होते. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरच्या मापाने सुटी तांब्याची वायर मागितली तर मिळते, फक्त खरवडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाणी कुठून येत होतं

हा भाग सुटला असता तर चौथा पावसाळाही तसाच गेला असता. स्टेपनी उचलली तर खाली कार्पेट ओलं. डिकीभर कोरडी वर्तमानपत्रं पसरली, मी आत टॉर्च घेऊन आडवा पडलो आणि भाच्याने बाहेरून पाइपने पाणी मारलं. दारातून नाही, काचेतून नाही. डाव्या टेललाइटच्या मागून एक बारीक ओघळ सरळ खड्ड्यात. टेललाइटचं रबर कडक होऊन चिरलं होतं. नवं रबर टाकलं. दर जूनला शिट्टी का यायची याचं उत्तर त्या ओघळात होतं, आणि मी तीन वर्षं बोनेटकडे बघत होतो.

पुढची बाजू

बोनेटकडेही बघायला हवंच, पण थोडक्यात. बॅटरी निगेटिव्हवरून बॉडीला जाणारी पट्टी आणि इंजिनावरून बॉडीला जाणारी पट्टी, दोन्ही सोडून घासून बसवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. मग मीटर एसीवर घेऊन तिथेच पुन्हा मोजा: माझ्याकडे ०.०४ आले, जे ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर आल्टरनेटरमधला एखादा डायोड गेल्याची शंका घ्या. तेव्हा शिट्टीपेक्षा जाड, घोगरा आवाज येतो आणि बॅटरीही उतरायला लागते. (अगदी स्वस्त मीटर एसीवर डीसीच मोजून भलतेच आकडे दाखवतात. आधी गाडी बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर लावून बघा, शून्याच्या जवळ यायला हवा.)

काही जुने मिस्त्री आल्टरनेटर तपासायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढतात. जुन्या डायनॅमोच्या काळात ते खपून जायचं. आज तसं केलं तर लाइनमध्ये क्षणभर व्होल्टेजची मोठी उसळी येते आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. कुणी हात घालायला लागला तर थांबवा.

आणि अँपजवळ लावतात तो चकाकणारा एक फॅरडचा कपॅसिटर. ठोक्याला हेडलाइट मंद होत असेल तर त्याचा थोडाफार उपयोग, शिट्टीवर मात्र त्याचा काडीचा परिणाम नाही.

गेन

सगळं झाल्यावर अगदी शांत जागी, घाटात रात्री, कान दिला तर किंचित शिट्टी उरली होती. ती गेनची. दुकानात अँपचा गेन जवळपास पूर्ण फिरवून ठेवतात, म्हणजे स्टिरिओचा आवाज १०वर ठेवला तरी गिऱ्हाईक हरखतं. पण गेन वाढवला की वाटेत शिरलेला कचराही तितकाच वाढतो. उलट करा: अँपचा गेन तळाला, स्टिरिओ तीन चतुर्थांशापर्यंत, ओळखीचं गाणं लावा आणि गेन हळूहळू, आवाज फाटण्याच्या अलीकडेपर्यंत आणा. स्टिरिओतून अर्ध्या व्होल्टऐवजी चार व्होल्ट सिग्नल निघाला तर तोच कचरा गाण्याच्या तुलनेत १८ डेसिबलने खाली बसतो. फुकटात.

आरसीए एका बाजूने आणि पॉवर वायर दुसऱ्या बाजूने न्यावी हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो खरा आहे, पाळा, एकमेकींना ओलांडायचं झालं तर काटकोनात ओलांडू द्या. पण माझ्या अनुभवात शिट्टीच्या बहुतेक गाड्यांत गुन्हेगार वायरची वाट नसून अर्थचा नट निघतो, आणि लोक मात्र आधी अख्ख्या गाडीचं कार्पेट उपसतात.

राहिली एफएमवरची चरचर. ती डॅशकॅमच्या चार्जरची. चार्जर ओढून काढला की क्षणात बंद, म्हणजे शंकेला वाव नाही. वायरवर फेराइटचा मणी चढवला, त्यात वायरचे दोन वेढे घेतले, डॅशकॅमची वायर ॲंटेनाच्या केबलपासून लांब दुसऱ्या खांबाने नेली. निम्मी कमी झाली. निम्मी आहे. सकाळी रत्नागिरी आकाशवाणी लावायची असेल तेव्हा चार्जर काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो.